उकडलेली माती

घरात तिला अक्कलदाढ म्हणत. हे नाव दादाने ठेवलं होतं. "उशिरा आली, वाकडी आली आणि आल्यापासून दुखतेय," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. आलेगेले हसायचे आणि ती दातओठ खायची. पुढे ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली, तेव्हा नावाचं सार्थक झालं असं सगळ्या घराला वाटलं. तिला कोणी विचारलं नाही. त्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

तिचा राग नाकावर नसायचा. नाकावरचा राग एका शिंकेत जातो. तिचा जबड्यात मुक्काम करायचा. झोपेत ती दात इतके खायची की डॉक्टरांनी तिला दातांवर घालून झोपायचं एक प्लास्टिकचं आवरण करून दिलं. ते तिने चावून आरपार केलं. डॉक्टरांनी दुसरं दिलं आणि म्हणाले, "हे शेवटचं. याच्यापुढे लोहाराकडे जा."

तर अशा या जबड्याला त्या दिवसांत काम भरपूर मिळालं, कारण दादाने बाबांना हलवायचं ठरवलं.

बाबा एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. आयुष्यभर त्यांनी बस-स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या. आवाज असा, की गाडी चुकलेला माणूससुद्धा घोषणा ऐकून समाधानाने घरी जायचा. एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. मागच्या दारी पलंगाएवढी मोकळी जागा होती. तिथे फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, एक पेन्शनीत निघालेलं बेसिन, जे जे माती धरेल त्यात त्यांनी झाड लावलेलं. नळ कायमचा गळका, त्यामुळे फरशीवर हिरवंगार शेवाळं. एकदा त्या शेवाळ्यावरून बाबा घसरले. मोडलं काहीच नाही. पण फोनवर दादाला ही हकीगत त्यांनी अशी पुकारली की ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खी बस दरीत गेली.

झालं. दादाला निमित्त हवंच होतं, असं तिचं मत. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहायचा. बाहेरून सगळी काच, आणि खिडक्या उघडत नाहीत. बंद खिडकीला खिडकी का म्हणायचं, हा प्रश्न तिने एकदा विचारला होता. तेव्हापासून वहिनी तिच्याशी जपून बोलायच्या.

"आणि बाबांची झाडं?" तिने फोनवर विचारलं.

"एक शेल्फ देतोय ना त्यांना."

"शेल्फ? अरे, झाडं आहेत ती, कप-बश्या नाहीत!"

"मग तू ठेव तुझ्याकडे."

तिच्याकडे एक खोली होती आणि तिच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. हे दादाला माहीत होतं, म्हणून तर तो म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर दादानेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथून परत जबड्यात आली.

दवाखान्याच्या रस्त्यावर टायरचं एक दुकान होतं. त्याच्या वर पाटी होती, "काचेतली बाग शिका. छोट्या जागेत मोठं जंगल." रोज ती पाटी वाचून ती मनात म्हणायची, रिकामटेकडे लेकाचे. त्या दिवशी ती तरातरा जिना चढली. एक शेल्फ ना? एका शेल्फात अख्खं मागचं दार कोंबून दाखवते, म्हणाली.

शिकवणाऱ्या मॅडम इतक्या हळू बोलायच्या की खालच्या टायरवाल्याचा हातोडा थांबला तरच ऐकू यायचं. वर्गात आणखी एक आजोबा होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बरणीत प्लास्टिकचा डायनासोर ठेवला आणि शिक्षण पूर्ण झाल्यासारखे हात झटकले.

"खाली खडे," मॅडम पुटपुटल्या. "वरून झिरपलेलं पाणी तिथे उतरतं. त्यावर कोळशाचा चुरा, वास शोषून घ्यायला. मग जाळी. मग माती. मग झाडं. शेवटी तोंड बंद. आतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमतं आणि पुन्हा खाली येतं. बाहेरून काही द्यावं लागत नाही."

"सगळं दाबून वर तोंड बंद," ती म्हणाली. "आमच्या घरची पद्धत."

मॅडमनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "पुढच्या वेळी झाकणाची काचेची बरणी आणा. आणि एक लक्षात ठेवा. बरणी स्वच्छ हवी."

आता, दातांच्या दवाखान्यात स्वच्छ या शब्दाला एकच अर्थ असतो.

बरणी बाबांकडे होती. जाड काचेची, काचेच्याच झाकणाची, न्हाणीघरातल्या फळीवर. तिच्यात बाबांची कवळी रात्रीची झोपायची. रविवारी तिने ती उचलली आणि बरोबर कवळीही घेतली. "घासून आणते चांगली. तोवर तोंडाला विश्रांती द्या."

"बघ हं, जपून," बाबा म्हणाले. कवळीशिवाय बाबा जगाला तोंड दाखवत नसत. सख्ख्या बायकोनेही त्यांना बिनदाताचं पाहिलं नव्हतं, असं ते अभिमानाने सांगत. तेव्हाही ते हे वाक्य दाराकडे पाठ करून बोलले.

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आत तिने ऑटोक्लेव्ह उघडला. ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्यातली अवजारं दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र, प्रेशर कुकरचा शिकून मोठा झालेला भाऊ. ट्रेमध्ये बरणी होती, खडे होते, बाबांच्या बादलीतून आणलेली माती होती आणि कडेला कवळी. कवळी ती नळाखाली ब्रशने घासणारच होती. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबांशी बोललो," दादा म्हणाला. "तयार आहेत."

"तयार आहेत म्हणाले?"

"'बघू' म्हणाले."

"बघू म्हणजे तयार? बघू म्हणजे बघू!"

"तुला लहानपणापासून बाबा कळलेच नाहीत. तू आलीसच उशिरा."

यावर ती जे बोलली त्याने वेटिंग रूममधल्या माशांच्या टाकीतले मासे एका कोपऱ्यात गेले. बोलता बोलता तिने ट्रे आत ढकलला, दार आपटलं, बटण दाबलं. एका फेरीने समाधान झालं नाही म्हणून दुसरी लावली. तिसरी निव्वळ दादाच्या नावाने.

संध्याकाळी तिने कवळी न बघताच एका डबीत घालून बाबांकडे पोचवली. डबी हातात दिली आणि दारातच सुरू झाली. दादा असा, वहिनी तशा, शेल्फ काय, खिडक्या काय. बाबा डबी घेऊन आत गेले. बराच वेळ आत आरशापाशी उभे होते. बाहेर आले तेव्हा तोंडावर रुमाल होता. त्यांनी एक हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण तिचं अजून वहिनींच्या पडद्यांबद्दल व्हायचं होतं.

"रडू नका बाबा," ती म्हणाली. "मी आहे ना!"

"हं," बाबा रुमालातून म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा 'हं'वर आले.

दादाने फोनवर विचारलं, "मग महिनाअखेरीला यायचं ना?" बाबा म्हणाले, "हं." दादाने तो होकार धरला आणि टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं. तिने विचारलं, "बाबा, मनातून वाईट वाटतंय ना?" बाबा म्हणाले, "हं." तिने तो हुंदका धरला. वहिनींनी विचारलं, "बरं नाही का वाटत?" तेव्हाही "हं." वहिनींनी सर्दी धरली आणि ओलसर घराचाच हा परिणाम असं जाहीर केलं. एक 'हं' तिघांना पुरला, वर थोडा उरला.

इकडे तिचं शिक्षण जोरात होतं. हाताला जबड्यांची सवय, त्यामुळे अरुंद तोंडाच्या बरणीत काम करणं तिला नवं नव्हतं. दवाखान्यातला छोटा गोल आरसा, वाकड्या टोकाचा चिमटा, बारीक चमचा, सगळं तिने वापरलं. चिमट्याने नेच्याचं रोप मुळाशी धरायचं, आरशात बघत खड्ड्यात उतरवायचं, दांड्याला लावलेल्या बुचाने माती दाबायची. आजोबांच्या डायनासोरभोवती झाडं तीन वेळा आडवी झाली. तिचं पहिलंच रोप ताठ उभं राहिलं. तिने त्याला सवयीने "चूळ भरा" असं सांगितलं.

शेवाळं मात्र भरपूर लागायचं. ते ती दर रविवारी बाबांच्या मागच्या दारातून आणायची. दातांवरचं कीटण काढायचं अवजार घेऊन ती फरशीवर बसायची आणि तोंडाचा पट्टा सोडून शेवाळं सोलायची. "एवढासा घसरला माणूस, तर लगेच उचलून काचेत ठेवायचा? मी लहानपणी जिन्यावरून पडले तेव्हा मला कोणी नेलं नाही चौदाव्या मजल्यावर!" खर्र खर्र. एका बरणीच्या पाच झाल्या. फरशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाताच्या जाहिरातीसारखी लखलखत गेली. बाबा खुर्चीत रुमाल धरून बघत बसायचे. दुधात पाव बुडवून खायचे. ते बघून ती म्हणाली, "बघा, जेवणावरची वासनाच उडाली माणसाची," आणि आणखी जोरात खरवडू लागली.

मग पहिल्या बरणीला बुरशी आली.

आधी मातीवर पांढरा कापूस दिसला. दोन दिवसांत कापसाची गादी झाली. नेचे काळे पडले, शेवाळं पिवळं झालं आणि झाकण उघडल्यावर असा वास आला की तिला काही पेशंट आठवले. बाकीच्या चारही बरण्या त्याच वाटेवर होत्या.

ती सगळ्यात वाईट बरणी घेऊन मॅडमकडे गेली आणि टेबलावर आपटून ठेवली. "शिकवता काय तुम्ही? तुम्ही सांगितलं तसंच केलं मी सगळं!"

मॅडमनी बरणी उजेडात फिरवली. "माती कुठली?"

"घरची. उकडलेली."

खालचा हातोडा नेमका तेव्हाच थांबला.

"माती उकडलीत?"

"तीन फेऱ्या. तुम्हीच म्हणालात ना, स्वच्छ."

"बरणी म्हटलं होतं मी." आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मॅडमचा आवाज चढला. "अहो, मातीत जंतू असतात, बारीक पांढरे किडे असतात. पडलेलं पान तेच खातात, बुरशीही तेच खातात. तुम्ही सगळ्यांना मारून टाकलंत. रिकाम्या घरात पहिली कोण शिरणार? बुरशीच ना! घाण काढायच्या नादात राहणारं कोणी उरलंच नाही इथे."

तिने बरणी न आपटता उचलली. हे इतकं क्वचित घडायचं की आजोबांनी डायनासोरवरून मान वर केली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला ऑटोक्लेव्हपाशी बोलावलं. "आजचा पेशंट तोंड उघडायच्या आधी विचारत होता, मातीचा वास येतोय, इथे नर्सरी कधी काढली. हे काय चाललंय?"

"माती होती. आता नाही घालणार."

"अगं, यात स्टील घालायचं, काच घालायची. उद्या माझा चष्मा घालशील, फ्रेमची जिलेबी होईल."

"प्लास्टिक वाकतं एवढं कळतं मला, डॉक्टर," ती फणकारली. आणि ते खरंच होतं. कवळी गरम पाण्यात ठेवू नका, वाकते, हे ती रोज येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला सांगायची. दिव्याखाली अंधार म्हणतात. तिच्या डोक्यावर तर डेंटल खुर्चीचा दिवा होता.

महिनाअखेरच्या रविवारी दादाने सगळ्यांना बोलावलं. बाबांना खोली दाखवायची आणि सामान कधी हलवायचं ते ठरवायचं. ती एक नवी बरणी घेऊन गेली, न उकडलेल्या मातीची. आत नेचा होता, शेवाळं होतं आणि तिच्या नकळत आलेली एक छोटी गोगलगाय. बाबा टॅक्सीने आधीच पोचले होते. सोफ्यावर कडेला बसले होते, पायात बूट, तोंडावर रुमाल.

"बूट तरी काढा बाबा," वहिनी म्हणाल्या.

"हं," बाबा म्हणाले आणि काढले नाहीत.

दादाने खोलीचं दार उघडलं. पांढरी भिंत, पांढरी चादर, पांढरं शेल्फ. शेल्फ खरंच एकच होतं.

"हवा गाळून येते," दादा म्हणाला. "धूळ नाही. डास नाही, मुंगी नाही, कबुतर नाही. बाहेरचा आवाज नाही. खाली उतरायचं कामच नाही, सगळं वर येतं."

"आणि फरशी रोज दोनदा औषधाने पुसते मी," वहिनी म्हणाल्या. "एक जंतू सापडायचा नाही."

तिने खोलीकडे पाहिलं, मग हातातल्या बरणीकडे पाहिलं. जबडा, जो महिनाभर आवळलेला होता, तो सुटला.

"तुम्ही खोली उकडलीय!"

"काय केलंय?" दादा म्हणाला.

"उकडलीय! तीन फेऱ्या! मुंगी नाही, आवाज नाही, खाली कोणी ओळखीचं नाही, तर माणूस राहील कशाच्या जिवावर? बुरशी येईल बुरशी!"

"बुरशी? आमच्याकडे?" वहिनींचा हात छातीवर गेला.

"बाबांना येईल! झाकण लावून ठेवताय त्यांना. बाहेरून काही द्यायला नको, वर्षातून एकदा काच पुसली की झालं!"

"ए, अक्कलदाढ!" आता दादाही तापला. "रविवारची ओरडायला येतेस तू. सोमवारी कोण आहे? ते पडले तो फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो. गाडी बाजूला घेतली आणि माझ्याच्याने परत सुरू करवेना. तू बाटल्या भरत बस. ते पुन्हा पडले आणि फोनच करता आला नाही, तर?"

तिने आवाज वाढवला. "म्हणून विचारायचंही नाही त्यांना?"

"विचारलंय! दहादा विचारलंय! बाबा, यायचंय ना इथे?"

"हं."

"बघ. हो म्हणाले."

"ते रडतायत, दादा!"

"त्यांना सर्दी झालीय!"

"रडतायत!"

"सर्दी!"

सोफ्यावरून थाप ऐकू आली. बाबा उभे राहिले होते. त्यांनी खिशातून डबी काढली, उघडली आणि कवळी काचेच्या टेबलावर ठेवली. कवळी बसली नाही. उलट्या पडलेल्या झुरळासारखी ती डुगडुगत राहिली, टक टक टक, सगळे बघेपर्यंत. मग बाबांनी रुमाल खाली घेतला. त्यांची हनुवटी नाकाला भेटायला निघाल्यासारखी वर आली होती.

तिने कवळी उचलली. एक बाजू आत वळली होती, टाळूचा भाग पिळवटून गेला होता. दहा वर्षांत अशी कवळी तिने एकदाच पाहिली होती. एका माणसाने उकळत्या पाण्यात टाकली होती. त्याला तिने जाता जाता मूर्ख म्हटलं होतं, तेही त्याला ऐकू जाईल असं.

ट्रे. फोन. तीन फेऱ्या.

"महिनाभर?" तिने कवळी बाबांसमोर धरली. "बाबा, महिनाभर तोंडात दात नाहीत आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मला? मी करते काय दिवसभर, केस कापते?"

बाबा बोलले. गाड्या पुकारणाऱ्या त्या आवाजात हवा शिरली होती, 'त' आणि 'द' ओठांवरच विरून जात होते, आणि वहिनींसमोर असं बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. पण बोलले.

"तू रागात होतीस. म्हटलं, राग उतरला की सांगू." त्यांनी श्वास घेतला. "उतरलाच नाही."

दादाच्या तोंडून हसू फुटलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की ते अर्ध्यात परत गेलं.

"आणि तू," बाबा दादाकडे वळले. "फोन ठेवताना 'बाय' आधी म्हणतोस, प्रश्न नंतर विचारतोस. मी इथे राहणार नाही. खाली टॅक्सी थांबवून ठेवलीय."

"आल्यापासून?" वहिनींनी बुटांकडे पाहिलं.

"आल्यापासून."

"अहो, पण पुन्हा घसरलात तर?" दादाचा आवाज खाली आला होता. आता तो रागवत नव्हता, नुसता विचारत होता.

"कशावरून घसरू?" बाबांनी तिच्याकडे बोट केलं. "शेवाळं सगळं हिने खरवडून नेलं. फरशी अशी झालीय की पाय चिकटतो. रागाने माणूस काय काय साफ करतो!"

दादाने बहिणीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या बरणीकडे. बरणीतलं सगळं शेवाळं ओळखीचं होतं. तो त्या शेवाळ्यावरूनच घसरला असता तर जसा दिसला असता तसा दिसत होता.

"निदान तो नळ तरी दुरुस्त करून देतो," तो शेवटी म्हणाला. "उद्या येतो."

"सोमवारी?" ती म्हणाली. "बघू या."

टॅक्सीत ती बाबांच्या शेजारी बसली आणि ट्रे, फोन, तीन फेऱ्या, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. एका मांडीवर बरणी, दुसऱ्या मुठीत वाकडी कवळी. राग होता, पूर्वीपेक्षा जास्तच होता, पण आता त्याला जायला दादाचं घर नव्हतं. तो फिरून तिच्याच दाराशी येऊन उभा होता. दात एकमेकांवर करकर वाजत होते.

"एवढी रागावून बसलीस," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"बसणारच."

"बस, बस. माझं काही म्हणणं नाही." त्यांनी काच खाली केली. रस्त्याची धूळ, हॉर्न, कुणाचं तरी भांडण, सगळं एकदम आत आलं. "फक्त नव्या कवळीचं माप उद्याच घे. आणि घेताना फोन बंद ठेव."